बसलेल्यांची जागा

आमच्या गावाचा जुना नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तो उलटा. तहसील कचेरीतल्या कारकुनानं टेबलाच्या पलीकडून तो उलगडला आणि आम्ही उभे अलीकडं, त्यामुळं नदी वर आणि स्टेशन खाली. निजामाच्या राजवटीतला कागद, मागून कापड चिकटवलेलं, घड्यांच्या जागी झिजून भोकं पडलेली. चढउताराच्या तपकिरी रेषा, दुधना नदीचं निळं वळण आणि तिच्या काठाकाठानं जिनिंगच्या गिरण्या, प्रत्येकीला चिमणीची खूण. अक्षरं सगळी उर्दू. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, कळत होतं. ते निजामाच्या शाळेत शिकलेले. मराठी पेपर वाचताना त्यांचे ओठ हलायचे, उर्दू मात्र घडाघडा.

ते टेबलाला वळसा घालून कारकुनाच्या बाजूला गेले. समाजाची चार वडीलधारी माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत उभी. अप्पा बोट फिरवत सांगायला लागले, "ही मशीद. हा जुना बाजार. ही शेटजीची पहिली जिनिंग. हा आपला नाला." बोट नाला ओलांडून पलीकडं गेलं आणि तिथंच थांबलं.

"काय लिवलंय?" समाजाच्या अध्यक्षांनी विचारलं. ते भुसार व्यापारी, भारदस्त मिशीचे.

अप्पांनी त्या अक्षरांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मीच म्हणाले, "अप्पा, काय लिहिलंय?"

"कबरस्तान," अप्पा म्हणाले.

आता यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. तर सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात. तेही निजवून नाही, बसवून. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा करायचा, मांडी घालून माणूस त्यात बसवायचं, जन्मभर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवायचं, विभूती आणि बेल घालायचा आणि माती लोटायची. वर दगड नाही, नाव नाही. जमीन सपाट. शिवात मिसळलेल्या माणसाला नावगाव कशाला, असं आमचे जंगम, म्हणजे पुजारी, सांगायचे. नाल्यापलीकडच्या त्या जागेत आमचे कितीतरी पिढ्यांचे लोक असे बसलेले होते आणि त्यातल्या एकाचीही खूण वर नव्हती. मोजणी करणारा कोण सरकारी माणूस निजामाच्या काळात तिथून गेला असेल. त्याला ताज्या मातीचे दोन-चार उंचवटे दिसले असतील. पुरतात म्हणजे मुसलमानच, असं धरून त्यानं लिहून टाकलं कबरस्तान. कुणाला विचारायची तसदी घेतली नाही मेल्यानं.

आणि नकाशा मागितला होता आम्हीच. ही खरी गंमत. जिनिंगवाल्यांना कापसाचे ढीग लावायला जागा पुरेना, म्हणून त्यांनी नाल्यापलीकडच्या त्या पडीक जमिनीसाठी अर्ज केला होता. आमचे लोक खवळले. "जुना नकाशा काढा म्हणावं, दूध का दूध होऊन जाईल," असं अध्यक्षच सगळीकडं सांगत फिरले होते. तो निघाला आणि त्यानंच आमचा घात केला.

मला नकाशाचं कौतुक नव्हतं. मला तिथं फक्त मायची काळजी होती. माझी माय त्या जागेत बसलेली होती.

ती काविळीनं गेली. पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलून झाला, परभणीच्या दवाखान्यात नेऊन झालं. मी तेव्हा कॉलेजात. खुर्चीत बसवून, फुलं घालून, भजन म्हणत तिला नेलं, तेव्हा मी हट्टानं मागोमाग गेले. कोनाड्यात ती बसली तेव्हा मान जरा डावीकडं कलली होती, भाजी निवडताना कलायची तशी. अप्पांनी नंतर कुणाला न विचारता तिथं बेलाचं एक रोप लावलं. रिवाजाला सोडून होतं ते. जंगमांनी नाक मुरडलं, पण अप्पा कधी नव्हे ते म्हणाले, "असू द्या." मी दर सोमवारी घागर घेऊन जायची आणि पाणी घालायची. अप्पा अधूनमधून माझ्याबरोबर यायचे आणि बेलाच्या उजव्या अंगाला पायानं माती चाचपून म्हणायचे, "ही माझी जागा. ध्यानात ठेव."

गाव तेव्हा मोठं होत होतं, पण देखणं नव्हतं. हंगामात कापसाच्या गाड्यांच्या रांगा स्टेशनपर्यंत लागायच्या. हवेत तंतू इतके, की वाळत घातलेल्या पापडावरही पांढरी लव यायची. जिनिंगमधल्या बाया तोंडाला पदर बांधून काम करायच्या आणि तरी खोकून खोकून बेजार. तेलाच्या गिरणीचं पाणी नदीत सोडलेलं, त्यामुळं उन्हाळ्यात दुधना काळी आणि घाण वासाची. अप्पांचं दुकान बारदान्याचं, पोती आणि सुतळी. गिऱ्हाईक म्हणजे या गिरण्याच. म्हणजे ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याच जिवावर आमची चूल.

दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून पहिला भडका उडाला तेव्हा मी शाळेत होते. नदीच्या पलीकडच्या वस्तीतली घरं जळताना आम्ही गच्चीवरून धूर पाहिला होता. आमच्या लोकांपैकी एकानंही तिकडं तांब्याभर पाणी नेलं नाही, हेही सांगून टाकते. निजामाच्या त्या नकाशात ती वस्ती होती, पण नुसत्या चार रिकाम्या चौकोनांची, नाव न लिहिलेली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पुढं आमच्यावर वेळ आली तेव्हा समजलं, की नकाशावर चुकीचं असणं म्हणजे काय आणि मुळीच नसणं म्हणजे काय. त्या भडक्यानंतरची कितीतरी वर्षं कधी मोर्चा, कधी बंद, कधी एसट्या फोडल्या म्हणून रस्ते ओस. आमच्या प्रकरणाची तारीख त्यापायी सारखी पुढं जायची.

शेवटी एकदाची सुनावणी झाली. तहसीलदार साहेब नवीन, पुण्याकडचे, तरणे. जिनिंगच्या वकिलानं नकाशावर बोट ठेवून सरळ सांगितलं, "कबरस्तान लिहिलंय. मुसलमान समाजाचं कबरस्तान स्टेशनच्या पलीकडं वेगळं आहे, ते ही जागा वापरत नाहीत. लिंगायतांचं नाव नकाशात कुठं नाही. मग ही जागा बेवारस."

साहेबांनी मुसलमान समाजातून एकाला बोलावून घेतलं होतं. ते म्हणजे आमच्या दुकानाशेजारचे पिंजारी चाचा. जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरलेला माणूस, भुवयांवरसुद्धा कापूस. अप्पांची आणि त्यांची दुपारची चहाची बशी एकच. त्यांना म्हणे आधी कुणीतरी गाठून सुचवलं होतं, की जागा मुसलमानांचीच म्हणा, पुढचं पुढं बघू. चाचा उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, खोटं कसं बोलू? वर जाऊन काय जाब देऊ? आमचे निजवलेले असतेत, यांचे बसवलेले. तिथं सगळे बसवलेले हायेत. ती जागा यांची."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. अप्पांनी मान खाली घातली. वाटलं, झालं, सुटलो.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण तिथले बसवलेले आहेत, हे कशावरून? वर तर काहीच खूण नाही."

तेवढ्यात आमच्या अध्यक्षांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते ताडकन उठले. "कशावरून म्हणजे? खोदून बगा की! बसलेला न्हाई निघाला तर ही मिशी उतरवून देतो!"

अहो, रागात माणूस बोलतो. घरी, दारी, बाजारात आमच्याकडं सगळे असंच बोलतात. खोदून बघा, कापून बघा, जीभ हासडून देतो. त्याचा अर्थ कुणी धरत नाही. पण साहेब परगावचे. त्यांनी पेन उघडलं, शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाले, "चालेल. पंचांसमक्ष एक जागा उघडून पाहू." अध्यक्षांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आता नाही म्हणावं तर आपल्याकडं दाखवायला काही नाही असं होणार. जंगमांनी कपाळाला हात लावला. पण समाजाच्या अध्यक्षानं भर कचेरीत दिलेला शब्द, तो मागं घ्यायला एकही जण उठला नाही. मिशी मोठी होती ना!

आणि मग प्रश्न आला, कुणाला उघडायचं? जुन्यांची जागा कुणालाच नक्की ठाऊक नव्हती. खोदत बसलो आणि काहीच नाही निघालं तर? जुनं असलं तर माती होऊन गेलेलं असणार. नवीन पाहिजे, आणि जागा पक्की ठाऊक पाहिजे. प्रकरण लागल्यापासून तिथं पुरायला मनाई होती आणि त्याआधीच्या जागा पावसात सपाट झालेल्या. अख्ख्या त्या मैदानात अशी एकच जागा होती, बेलाच्या झाडाखालची. मी सोमवारचे सोमवार पाणी घालून राखलेली.

संध्याकाळी ते सगळे आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा कुणी घेईना. अध्यक्ष जमिनीकडं बघत म्हणाले, "अप्पा, समाजाचा प्रश्न हाय. तुमी न्हाई म्हणलं तर समदीच जागा जाती."

मी आतून बाहेर आले. "तुमच्या आईला उघडा की! तुमच्या वडलांना उघडा! तुमची मिशी, अन् माझी माय?" मला शब्द आवरेनात. पोरीच्या जातीनं वडीलधाऱ्यांसमोर असं बोलू नये, म्हणे. जंगम म्हणाले, "बाई, तिथं आता माय न्हाई, माती हाय." मी म्हणाले, "मग कुठलीही माती खणा, तिचीच कशाला?"

अप्पांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही. मग कितीतरी दिवस ते दुकानात बसायचे, सुतळीचा गुंडा सोडायचे आणि परत गुंडाळायचे. चाचा शेजारी नुसते बसून असायचे. मी जेवायला वाढलं की अप्पा दोन घास खाऊन उठायचे. माझं एकच पालुपद, "नाही म्हणा, अप्पा. सरळ नाही म्हणा." शेवटी एका दुपारी ते मला म्हणाले, "हे बग. न्हाई म्हणलं तर त्या जागेवर कापसाचा ढीग लागणार. तिच्या उरावर. वरून ट्रक जाणार. आन मला तिच्याशेजारी बसायला मिळणार न्हाई. एकडाव उघडतील, झाकतील. मग कायमचं निवांत." ते मला समजावत होते की स्वतःला, देव जाणे. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे जमले. साहेब, कारकून, पंच, वकील, दोन पोलीस आणि कुंपणापलीकडं बघ्यांची ही गर्दी. कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा खात होतं. बेलाचं झाड माझ्या डोक्याइतकं झालं होतं. त्याच्या मुळांवर पहिली कुदळ पडली तेव्हा मी चाचांचा हात घट्ट धरला.

आमच्याकडची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. अशा जमिनीत माणूस वर्षानुवर्षं ताठ बसून राहील कसं? कोनाडा कधीच खचला होता. खाली लागली ती हाडं, एकावर एक आलेली, आणि मायचं डोकं घरंगळून तिच्याच मांडीत पडलेलं.

वकील खड्ड्यात वाकून म्हणाला, "बसलेलं कुठंय? हा तर ढिगारा आहे."

जंगम समजावायला लागले, मांडीची हाडं कशी आडवी आहेत, कंबर कशी खाली आहे, निजवलेलं असतं तर लांब पसरलं असतं. हे सगळं ते माझ्या मायकडं काठीनं दाखवत सांगत होते. साहेबांनी नाकाला रुमाल लावला होता. मग खणणाऱ्यानं बोटांच्या हाडांतून चांदीची डबी काढली, काळी पडलेली. लिंगाची डबी. ती डाव्या हातात होती, जिथं ठेवली होती तिथंच. आमच्या लोकांत एकदम गलका झाला. अध्यक्षांचा हात नकळत मिशीवर गेला. वकिलानं तोंड फिरवलं.

कारकून कागद घेऊन पुढं आला. "ही वस्तू कुणाची? ओळख पटवून नाव सांगा."

अप्पांनी डबी हातात घेतली. आमच्याकडं जुन्या माणसांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि नवराही बायकोचं घेत नाही. अप्पांनी जन्मात कधी मायचं नाव घेतलं नव्हतं. "अगं ए" म्हणायचे, नाहीतर माझ्या नावानं हाक मारायचे आणि ओ ती द्यायची. कारकुनानं पुन्हा विचारलं. "पंचनाम्यात नाव लागतं, बाबा. मोठ्यानं सांगा." मी पुढं झाले, "मी सांगते," तर म्हणे, "नवऱ्यानंच सांगितलं पाहिजे."

अप्पांनी सांगितलं. पोलीस, वकील, शेंगा खाणारे बघे, सगळ्यांसमोर, त्या उघड्या खड्ड्याच्या काठावर, माझ्या बापानं मायला पहिल्यांदा नावानं हाक मारली. कारकुनाला नीट ऐकू आलं नाही. त्यांना ते दुसऱ्यांदा घ्यावं लागलं.

डबी परत तिच्या हाडांत ठेवली. माती लोटायच्या आधी मी जंगमांना म्हणाले, "आधी तिला नीट बसवा." बसवायचं तर कसं? बसवायला माणूस लागतं. होतं तसं, गोळा करून, वरून माती ओढली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. समाजात पेढे वाटले. आमच्या घरी आलेला पुडा मी दारातूनच परत केला. पुढं जागेला भिंत झाली, लोखंडी फाटक झालं, फाटकावर अध्यक्षांच्या वडलांचं नाव लागलं. बेल त्याच उन्हाळ्यात वाळला. गिरण्यांनी अप्पांकडून बारदाना घेणं हळूहळू बंद केलं, ते अपेक्षितच होतं. मी मात्र एका गोष्टीची वाट बघत होते, की अप्पा कधीतरी म्हणतील, चल, सोमवार आहे. ते त्या फाटकाच्या आत पुन्हा कधीच गेले नाहीत. माझं लग्न झालं, मी पाथरीला गेले, शाळेत शिकवायला लागले. माहेरी आले की विचारायची, "जाऊन येऊ का मायकडं?" तर म्हणायचे, "तू जा."

विद्यापीठाच्या नावाचा एकदाचा निकाल लागला त्या थंडीत अप्पांनी अंथरूण धरलं. मी शाळेतून रजा काढून आले. समाजाची माणसं भेटून गेली, जाताना मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, काळजी करू नका, मायच्या शेजारची जागा राखून ठेवलीय. मी आत येऊन अप्पांना तेच सांगितलं. म्हटलं, ऐकून बरं वाटेल.

अप्पांनी डोळे उघडले. माझं मनगट धरलं. "मला जाळ," म्हणाले.

मला वाटलं, तापात बोलतायत. "असं काय बोलताय अप्पा? आपल्यात जाळतात का?"

"मला बसवू नको. त्यांना उद्या परत काही लागलं, तर मला उठवतील. तुला नाव विचारतील." त्यांना धाप लागली. "काही ठेवू नको. जाळून टाक."

ते गेले तेव्हा खड्डा खणून तयार होता, मायच्या अगदी उजव्या अंगाला, त्यांनीच पायानं दाखवलेल्या जागी. मी नाही म्हणाले. दारात जो गोंधळ झाला तो झाला. जंगम उठून गेले. अध्यक्ष म्हणाले, "अगं, ज्या जागेपायी एवढं केलं, तिथंच न्हाई म्हणायलीस? तुझ्या मायचं तरी भान ठेव!" माय त्यांच्या तोंडी आली आणि मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी नवरा, दोन शेजारी आणि म्हातारे पिंजारी चाचा, एवढे घाटावर आले. चाचा लांब उभे राहिले, पण शेवटपर्यंत थांबले. अग्नी मी दिला. राख दुधनेत सोडली. पाणी जिनिंगच्या खालच्या अंगाचं होतं, ती कितीतरी वेळ काठाशीच तरंगत राहिली.

नंतर गावाचा नवीन नकाशा निघाला. मी शाळेत मुलांना नकाशा वाचायला शिकवते, म्हणून मुद्दाम मिळवला. नाल्याच्या पलीकडं छान मराठीत लिहिलंय, लिंगायत स्मशानभूमी. चूक दुरुस्त झालीय. नदीपलीकडच्या वस्तीलाही आता नाव आहे. मुलांना मी त्यावर बोट ठेवून दाखवते आणि पुढं सरकते.

अप्पांसाठी खणलेला खड्डा रिकामाच बुजवला होता. ती जागा अजून मोकळी आहे. समाजातली नवी माणसं चांगली आहेत, परवा मला म्हणाली, "आक्का, ती तुमच्यासाठी ठेवलीय." मला मायच्या शेजारी बसायचंय, लय बसायचंय. तिच्या त्या बाजूला कुणीच नाही. पण मला मुलगी आहे आणि तिला उद्या कुणी माझं नाव विचारावं, असं मला वाटत नाही. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.